रंगखात्यापासून भोपळ्यापर्यंत

रंगांच्या इतिहासात १८५६ हे साल दोन कारणांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी प्रयोगशाळेत क्विनीन तयार करण्याची खटपट करीत होता. क्विनीन काही मिळाले नाही. मिळाला तो एक काळपट गाळ, आणि त्यातून एक सुंदर जांभळे रंजक. व्यापारी प्रमाणावर तयार झालेले हे पहिले कृत्रिम रंजक. त्याच वर्षी मुंबईत ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांच्या बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या गिरणीत सूत निघू लागले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण पुढे परळ, लालबाग, दादर या भागात गिरण्यांची धुराडी उभी राहिली, आणि पर्किनच्या रंजकाची भावंडे पिंपांत भरून त्या गिरण्यांच्या रंगखात्यांत येऊ लागली.

आज पाण्यात चमकणाऱ्या अतिसूक्ष्म पदार्थांविषयी, म्हणजे प्रतिदीप्त नॅनोपदार्थांविषयी, बरेच बोलले जाते. हा विषय अगदी नवा आणि परदेशी आहे असा आपला समज असतो. या लेखात आपण तो मुंबईच्या बाजूने पाहणार आहोत. त्यातली बरीच पात्रे, म्हणजे रंजके, आपल्या शहराच्या जुन्या ओळखीची आहेत.

रंगखात्यातले रसायन

कापूस म्हणजे सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो घटक एकापुढे एक जोडून झालेली ही लांब साखळी. तिच्यावर रंग बसवायचा म्हणजे रंजकाच्या रेणूने पाणी सोडून कापडाकडे जायचे आणि पुन्हा धुतले तरी तेथेच राहायचे. हे दिसते तितके सोपे नाही.

सुरुवातीची बरीचशी भडक रंजके 'बेसिक' वर्गातली होती. त्यांचे रेणू धनभारित असतात. लोकर आणि रेशीम यांवर ती सहज चढतात, कापसावर मात्र टिकत नाहीत. म्हणून कापडाला आधी टॅनिनमध्ये बुडवून घ्यावे लागे. आपल्या सह्याद्रीतला हिरडा हे टॅनिनचे उत्तम साधन. म्हणजे रंग आणि कापड यांच्यामध्ये एक मध्यस्थ हवा असे.

१८८४ साली जर्मनीत पाउल ब्योटिगर याने 'काँगो रेड' तयार केले आणि मध्यस्थाची गरज संपली. हे रंजक कापसावर थेट चढत असे. म्हणून या वर्गाला 'डायरेक्ट' रंजके म्हणतात. यांचे रेणू लांबट व सपाट असतात. ते सेल्युलोजच्या साखळीला लगटून बसतात, पण त्या दोघांत नेहमीचा सहसंयुजी बंध होत नाही. हायड्रोजन बंध आणि रेणूरेणूंतील दुर्बल आकर्षणे यांवरच सारे भागते. एक दुर्बल बंध सहज तुटतो. पण असे पुष्कळ बंध एकाच वेळी जुळले की रेणू जागचा हलत नाही.

डायरेक्ट रंगाच्या कुंडात मीठ टाकावे लागते. मीठ टाकले की रंजक पाण्यात राहायला नाखूष होते आणि कापडावर अधिक चढते. किती मीठ टाकायचे, ते केव्हा टाकायचे, पाणी किती तापवायचे हे रंगखात्यातल्या जाणत्या कामगाराला हाताच्या सवयीने कळे. चूक झाली तर कापडावर डाग पडत आणि सारा ताका बाद होई. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत हा कामगार रेणूंमधील दुर्बल बंधांचा तोल सांभाळत होता. त्याच्या कामाला मात्र रसायनशास्त्र असे कोणी म्हटले नाही.

रंजकाचा कापडाशी खरा सहसंयुजी बंध जोडणारी 'रिॲक्टिव्ह' रंजके बाजारात आली ती १९५६ साली, म्हणजे पर्किनच्या शोधानंतर बरोबर शंभर वर्षांनी. तोपर्यंतची बरीचशी रंगाई या बंधावाचूनच चालली होती.

परळमधले दुसरे रंग

गिरण्यांच्या शेजारीच परळमध्ये रंजकांचा आणखी एक उपयोग चालू होता. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने प्रसिद्ध झाली. १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय आणि १९४१ साली टाटा मेमोरिअल रुग्णालय सुरू झाले. अशा ठिकाणी सूक्ष्मदर्शकाखाली जंतू आणि पेशी पाहायच्या तर त्यांना रंग द्यावा लागतो. हा रंग मिथिलीन ब्लू, जेन्शियन व्हायोलेट यांसारख्या रंजकांचाच असतो. ही सारी कापडाच्या धंद्यातून आलेली रंजके.

काँगो रेडची गोष्ट तर फारच बोलकी आहे. कापसावर चढणारे हे रंजक 'अमिलॉइड' नावाच्या प्रथिनांच्या तंतूंवरही चढते, असे १९२२ साली बेनहोल्ड याने दाखवले. काही विकारांत शरीरात असे तंतू साचतात. १९५९ साली व्हासार आणि कलिंग यांनी याच कामासाठी थायोफ्लेविन टी हे पिवळे रंजक सुचवले. हे रंजक पाण्यात जवळजवळ चमकत नाही, पण अमिलॉइडच्या खाचेत शिरले की लख्ख चमकू लागते. हे का होते, हे पुढे पाहू. रेणूला 'जागा' मिळाली की त्याचे वागणे बदलते, एवढी गोष्ट मात्र येथेच नोंदवून ठेवू.

परावलंबन आणि एक विभाग

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा जगातील बहुतेक कृत्रिम रंजके जर्मनीत तयार होत होती. युद्धामुळे तो पुरवठा तुटला आणि रंजकांची जगभर टंचाई झाली. मुंबईत सूत होते, साचे होते, कामगार होते. पण रंग दुसऱ्याच्या हातात होता.

कापडाचे तंत्र शिकवणारी संस्था मुंबईत आधीपासून होती. १८८७ साली स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट आरंभी भायखळ्याला होती. १९२३ साली ती माटुंग्याला गेली. रसायनाच्या बाजूने पाऊल पडले ते १ ऑक्टोबर १९३३ रोजी. त्या दिवशी मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रशास्त्र विभाग सुरू झाला. आपण सारे त्याला 'यू. डी. सी. टी.' म्हणून ओळखतो. पहिले दोन विषय होते वस्त्र-रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. विभागाचे पहिले घर फोर्टमधील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये होते. पुढे तो दादरच्या पलीकडे माटुंग्याला स्वतःच्या वास्तूत गेला. २००८ साली या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता तिचे नाव इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी असे आहे.

१९३८ साली या विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले कृष्णस्वामी वेंकटरामन. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकलेले आणि लाहोरला अध्यापन केलेले हे रसायनशास्त्रज्ञ १९५७ पर्यंत त्या पदावर होते. १९५२ साली त्यांचा 'द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज' हा ग्रंथ दोन खंडांत न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाला. पुढे इतर तज्ज्ञांच्या सहकार्याने त्याचे आठ खंड झाले. जगभरच्या रंजक-रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर असणारा हा ग्रंथ गिरणगावाच्या शेजारी सिद्ध झाला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली जाते. वेंकटरामन यांच्यानंतर १९६६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झालेले बाळ दत्तात्रय टिळक हेही याच विभागातले.

रंजक पाण्यात का मंदावते?

आता थोडे भौतिकशास्त्र. रंजकाचा रेणू प्रकाश शोषतो तेव्हा त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. काही अब्जांश सेकंदांत तो खाली येतो. येताना त्याने ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडली तर तिला प्रतिदीप्ती म्हणतात. बाहेर पडणारा प्रकाश शोषलेल्या प्रकाशापेक्षा कमी ऊर्जेचा, म्हणजे जास्त तरंगलांबीचा असतो. १८४५ साली जॉन हर्शेल यांनी क्विनीनच्या द्रावणावरची निळी झाक नोंदवली, आणि १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी तिचे स्पष्टीकरण दिले. पर्किन ज्या क्विनीनच्या मागे होता तेच हे क्विनीन.

पण प्रकाश शोषणारे प्रत्येक रंजक चमकतेच असे नाही. ऊर्जा वाया जाण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या.

पहिली वाट हालचालीची. ब्रिलियंट ग्रीन, थायोफ्लेविन टी यांसारख्या रेणूंचे भाग एकमेकांभोवती फिरू शकतात. पाण्यात मोकळे असले की ते फिरतात, आणि सारी ऊर्जा उष्णतेत जाते. अमिलॉइडच्या खाचेत अडकल्यावर फिरणे बंद होते, म्हणून चमक येते.

दुसरी वाट घोळक्याची. रंजकांच्या रेणूंचा बराच भाग सपाट व अध्रुवीय असतो. पाण्यात त्यांना एकटे राहणे परवडत नाही. ते एकमेकांवर चवडीसारखे रचून बसतात. ऱ्होडामाइनसारखे तेजस्वी रंजकही पाण्यात दाट झाले की या कारणाने मंद होते. अल्कोहोलमध्ये मात्र ते चांगले चमकते.

म्हणजे प्रश्न असा: पाणी न सोडता रंजकाला पाण्यापासून, सोबत्यांपासून आणि स्वतःच्या चुळबुळीपासून कसे वाचवायचे?

भोपळ्यातली म्हातारी

लेकीकडून परत येणारी म्हातारी भोपळ्यात बसून वाघ-कोल्ह्यांच्या तावडीतून निसटते, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. रसायनशास्त्रज्ञांनी रंजकासाठी नेमके हेच केले. गंमत म्हणजे त्यांच्या रेणूचे नावही भोपळ्यावरूनच पडले आहे.

१९०५ साली जर्मनीत रॉबर्ट बेहरेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लायकोल्युरिल आणि फॉर्मॅल्डिहाइड यांच्यापासून आम्लात एक पदार्थ मिळवला. त्याची रचना त्यांना उलगडली नाही. पण हा पदार्थ काही क्षारांना आणि रंजकांना धरून ठेवतो, असे त्यांच्या ध्यानात आले. ती रंजके होती काँगो रेड आणि मिथिलीन ब्लू! पुढे पाऊणशे वर्षे हा पदार्थ अडगळीत पडला. १९८१ साली अमेरिकेत विल्यम मॉक व सहकाऱ्यांनी त्याची रचना शोधली. सहा घटकांचे एक कडे, मध्ये पोकळ, वरखाली तोंडे उघडी, मधे फुगीर. दिसायला थेट भोपळा. भोपळ्याच्या वनस्पतिकुलाचे शास्त्रीय नाव कुकुर्बिटेसी, म्हणून रेणूचे नाव 'कुकुर्बिट्युरिल'.

सहा घटकांचा भोपळा लहान आणि पाण्यात फारसा न विरघळणारा होता. २००० सालाच्या सुमारास दक्षिण कोरियात किमून किम यांच्या आणि ऑस्ट्रेलियात अँथनी डे यांच्या गटांनी पाच, सात, आठ घटकांचे भोपळेही वेगळे केले. त्यांतला सात घटकांचा पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो. त्याची उंची सुमारे ०.९ नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखांवा भाग.

अशा पोकळ रेणूला 'यजमान' आणि आत बसणाऱ्याला 'पाहुणा' म्हणतात. दुसरा प्रसिद्ध यजमान म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन. १८९१ साली व्हिलिये यांना स्टार्चपासून मिळालेली ही ग्लुकोजची कडी. सहा, सात किंवा आठ घटकांची. कापूस आणि सायक्लोडेक्स्ट्रिन दोन्ही ग्लुकोजचेच. एक सरळ साखळी, दुसरे कडे. यजमान-पाहुण्यांच्या या शास्त्राला १९८७ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. ते पेडरसन, क्रॅम आणि लेन यांना विभागून दिले गेले.

पाहुणा आत का जातो? पोकळी अध्रुवीय असते. आत कोंडलेले पाण्याचे रेणू तेथे अवघडलेले असतात. ते बाहेर पडून इतर पाण्यात मिसळले की ऊर्जेचा फायदा होतो. शिवाय भोपळ्याच्या दोन्ही तोंडांवर ऑक्सिजनचे अणू असतात, आणि त्यांच्यावर थोडा ऋणभार असतो. म्हणून धनभारित पाहुणा त्यांना विशेष प्रिय. आणि धनभारित रंजके म्हणजे कोण? कापसावर टॅनिनवाचून न टिकणारी तीच जुनी 'बेसिक' रंजके. ज्यांना कापसाने जागा दिली नाही त्यांना भोपळ्याने दिली.

ट्रॉम्बेची प्रयोगशाळा

या शास्त्रातले महत्त्वाचे काम मुंबईत झाले आहे ते ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात. यू. डी. सी. टी. पासून ट्रॉम्बेपर्यंत सरळ गुरुशिष्यपरंपरा आहे असे मात्र कोणी समजू नये. ट्रॉम्बेचा गट प्रकाशरसायनाच्या वाटेने या विषयाकडे आला. समान आहेत ती रंजके, आणि दुर्बल बंधांचा तोल.

२००५ साली ज्योतिर्मयी मोहंती आणि वेर्नर नाऊ यांनी जर्मनीतील ब्रेमेन येथे दाखवले की सात घटकांच्या भोपळ्यात ऱ्होडामाइन प्रकाशाखाली कितीतरी अधिक काळ टिकते. पुढच्या वर्षी मोहंती, ए. सी. भासीकुट्टन, हरिदास पाल आणि नाऊ यांनी न्यूट्रल रेड हे रंजक घेतले. आम्लात आणि अल्कलीत याचा रंग वेगळा असतो. भोपळ्यात बसल्यावर त्याचा रंग बदलण्याचा बिंदू सुमारे दोन पी-एच अंकांनी वर सरकला; सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये तोच थोडा खाली आला. पाहुणा एकच, यजमान बदलला की स्वभाव उलट दिशेला वळतो.

२००७ साली ब्रिलियंट ग्रीनची पाळी आली. भोपळा आणि रक्तद्रवातील अल्ब्युमिन हे प्रथिन दोघे मिळून या रंजकाला असे धरतात की त्याची चमक पुष्कळ वाढते. २०१० साली याच गटाने थायोफ्लेविन टी घेऊन एक बंद कुपी बनवली. भोपळ्यात रंजक बसले, आणि कॅल्शियमच्या आयनांनी झाकणाचे काम केले. ही कुपी चांगली चमकते. अमँटाडीन हा भोपळ्यात अधिक घट्ट बसणारा पाहुणा आला की कुपी उघडते आणि रंजक बाहेर पडते. चमक मावळली की रंजक सुटले, असे आपोआप कळते. औषध नेऊन योग्य जागी सोडण्याची कल्पना येथूनच सुचते. २०११ साली चांदीच्या नॅनोकणांवर भोपळे बसवून त्यांत प्रकाशोपचारासाठी उपयोगी पडू शकणारे पॉर्फिरिन रंजक चढवून-उतरवून दाखवले गेले.

पाण्याचे महत्त्व सर्वांत स्पष्ट होते ते रंजक-लेसरमध्ये. या लेसरमध्ये रंजकाचे द्रावण सतत फिरवतात, आणि ते सहसा अल्कोहोलमध्ये असते. अल्कोहोल पेट घेते. मोठ्या प्रमाणात वापरले की धोकाही मोठा. पाणी पेटत नाही आणि उष्णता चांगली वाहून नेते. पण पाण्यात ऱ्होडामाइन घोळके करते. २०१० साली ट्रॉम्बेच्या गटाने ऱ्होडामाइन बी भोपळ्यात बसवून पाण्यातच अरुंद पट्ट्याचा लेसर चालवून दाखवला.

येथे रंगखात्याची आठवण होते. कुंडात मीठ टाकले की रंजक कापडावर चढते. भोपळ्याच्या द्रावणात मीठ टाकले तर सोडियमचे आयन त्याच्या तोंडांशी जाऊन बसतात आणि रंजकाला पुष्कळदा बाहेर घालवतात. परिणाम वेगळे, पण मीठ टाकून दुर्बल बंधांचा तोल हलवण्याची युक्ती तीच.

हिशेब काय?

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागी कचेऱ्या आणि बाजार उभे राहिले. रंगखात्यातले हाताचे ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही. ग्रंथातले ज्ञान टिकले, कुंडावरचे गेले.

दुसरा हिशेब पाण्याचा. कापडावर न चढलेले रंजक गटारातून नदी-खाडीत जाते, मग ती गिरणी मुंबईत असो की आणखी कुठे. १९९० च्या दशकात जर्मनीतील क्रेफेल्डच्या वस्त्र-संशोधन केंद्रात बुशमन यांनी कुकुर्बिट्युरिल वापरून रंगाईच्या सांडपाण्यातील रंजके पकडण्याचे प्रयोग केले. तत्त्व बरोबर आहे, अडचण किमतीची. सायक्लोडेक्स्ट्रिन स्टार्चपासून स्वस्तात होते, भोपळा अजून महाग आहे. चमकणारे नॅनोपदार्थ करताना हा प्रश्न विसरून चालणार नाही. जे रंजक कापडासाठी चांगले ते पोटासाठी चांगले नसते, हेही मुलांना सांगावे. ऱ्होडामाइन बी आढळल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने 'म्हातारीच्या केसां'वर, म्हणजे कॉटन कँडीवर, बंदी घातली होती.

वर्गात काय करता येईल?

लोहार चाळीत नोटा तपासण्याचा अतिनील दिवा मिळतो. तो डोळ्यांवर धरू नये, एवढी सूचना आधी द्यावी.

पहिला प्रयोग. अंधाऱ्या खोलीत साबणाच्या पुडीने धुतलेला पांढरा सदरा या दिव्याखाली धरा. तो निळसर चमकतो. धुण्याच्या पुडीतली चमकद्रव्ये डायरेक्ट रंजकांप्रमाणेच दुर्बल बंधांनी कापसावर बसलेली असतात. जुनी नीळ पिवळेपणा झाकते. ही द्रव्ये निळ्या प्रकाशाची भर घालतात.

दुसरा प्रयोग. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळून गाळून घ्या. दिव्याखाली ती हिरवट पिवळी चमकेल. तिचे काही थेंब पाण्यात टाका, चमक मंदावेल. आता त्यात थोडा पारदर्शक शांपू घालून हलके ढवळा. चमक पुन्हा वाढेल. शांपूचे रेणू पाण्यात गोलाकार झुंबके करतात आणि त्यांच्या अध्रुवीय पोटात हळदीच्या कर्क्युमिनला आसरा मिळतो. हा भोपळा नव्हे, पण तात्पुरता यजमान खराच. शांपू स्वतःच चमकत नाही ना, हे आधी तपासायला मुलांनाच सांगावे.

तिसरा प्रयोग. वडगादीत मिळणारा एखादा डायरेक्ट रंग दोन भांड्यांत सारख्या गरम पाण्यात घ्या. एकात मीठ घाला. दोन्हींत सुती कापडाचे सारखे तुकडे बुडवा, आणि धुऊन रंग ताडून पाहा. मग विचारा: मिठाने काय केले?

आपल्या पुस्तकांत आयनी बंध आणि सहसंयुजी बंध यांना पाने मिळतात, दुर्बल बंधांना एखादा परिच्छेद. हे प्रमाण बदलण्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहायला नको. परळ-लालबागच्या शाळांतल्या अनेक मुलांचे आजोबा-पणजोबा गिरणीत होते. त्यांच्यापैकी कोणी रंगखात्यात असेल तर तो रोज काय करीत असे, हे मुलांनी घरी विचारून यावे. मिळालेली उत्तरे वहीत उतरवून ठेवावीत. सांगणारे आता थोडेच उरले आहेत.